टर्बो गाडीतली हवेची गळती पहिल्यांदाच शोधताना

टर्बो गाडीची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "गाडी आता पूर्वीसारखी ओढत नाही." चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी काही उचलत नाही. कधी बॉनेटखालून फुस्स असा आवाज येतो, कधी मागे काळा धूर दिसतो. स्कॅनर लावला की 'टर्बोचा दाब कमी' असा कोड निघतो आणि लगेच सल्ले सुरू होतात. टर्बो गेला, सेन्सर बदला, इंजेक्टर साफ करून घ्या. माझं सांगणं एवढंच आहे की यातल्या कशालाही हात लावण्याआधी हवेचा रस्ता दाब देऊन तपासा. टर्बोचा दाब कमी पडण्यामागे फाटलेला होज (रबरी पाइप), सैल क्लॅम्प (होज आवळणारी पट्टी) किंवा झिजलेली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) असणं फार नेहमीचं आहे. तपासणीला लागणारं सामान थोडं आहे, ते घरी जमवता येतं.

आधी हवेचा रस्ता समजून घ्या

बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यापासून बोट फिरवायला सुरुवात करा. डब्यातून निघालेला पाइप टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी जातो. कॉम्प्रेसरमधून दाबलेली, तापलेली हवा दुसऱ्या पाइपने इंटरकूलरकडे जाते. तिथे ती थंड होते, तिसऱ्या पाइपने थ्रॉटल बॉडीपाशी (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपाशी) येते, पुढे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये. या रस्त्याचे मी तीन टप्पे करतो, कारण गळती कोणत्या टप्प्यात आहे त्यावर गाडीची लक्षणं बदलतात.

पहिला टप्पा फिल्टरपासून कॉम्प्रेसरच्या तोंडापर्यंत. इथे कायम ओढ असते, म्हणजे भोक पडलं तर हवा बाहेर जात नाही, बाहेरची आत येते. बूस्टवर, म्हणजे टर्बोने दिलेल्या जादा दाबावर, फरक जाणवत नाही, म्हणून ही गळती लोक सोडून देतात. पण ही हवा न गाळलेली असते. धुळीचे कण कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळतात आणि पुढे सिलिंडरच्या भिंती घासतात. ही गळती दिसली तर त्याच दिवशी बंद करा.

दुसरा टप्पा कॉम्प्रेसरपासून थ्रॉटलपर्यंत. इंजिन आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) असताना इथे जवळपास बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो, त्यामुळे गाडी उभी असताना काहीच कळत नाही. ॲक्सिलरेटर दाबला, बूस्ट आला की हवा निसटायला लागते.

तिसरा टप्पा थ्रॉटलपासून सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत. पेट्रोल गाडीत आयडलिंगला इथे ओढ असते आणि बूस्ट आल्यावर दाब. म्हणजे एकच भोक एका वेळी हवा आत घेतं आणि दुसऱ्या वेळी बाहेर सोडतं. डिझेल गाडीत थ्रॉटलसारखी झडप असली तरी पेट्रोल गाडीसारखी कायमची ओढ तिथे नसते, त्यामुळे डिझेलचा तिसरा टप्पा दुसऱ्यासारखाच धरावा.

आता एक बारकावा. फिल्टरच्या डब्याला लागून वायरचा प्लग लावलेला एअर फ्लो सेन्सर असेल, तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्या सेन्सरमधून गेलेली हवा मोजून पेट्रोल देतो. मोजलेली हवा दुसऱ्या टप्प्यात निसटली तर पेट्रोल जास्त पडतं, मिश्रण घट्ट होतं. न मोजलेली हवा सेन्सरनंतर आत शिरली तर मिश्रण पातळ होतं. काही गाड्यांत असा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधला दाब बघूनच हिशोब केला जातो. अशा गाडीत गळतीमुळे मिश्रण तितकं बिघडत नाही, कारण आत शिरलेली हवाही हा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला दिसते. तिथे आयडलिंग वाढणं आणि ताकद कमी होणं हीच मुख्य लक्षणं.

गळती असलेली गाडी तशीच चालवत राहण्याचा खरा धोका टर्बोला असतो. ठरलेला दाब मिळत नाही म्हटल्यावर ईसीयू वेस्टगेट (टर्बोला फिरवणारा धूर बाजूने सोडून देणारी झडप) आणखी बंद करतो, किंवा बदलत्या पात्यांचा टर्बो असेल तर पाती आणखी मिटवतो, आणि टर्बोला जास्त पळवतो. छोट्या टर्बोचा दांडा मुळातच मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो. एका फाटक्या होजची भरपाई करण्यासाठी त्याला त्याहून जास्त पळवणं म्हणजे चांगल्या टर्बोचं आयुष्य कमी करणं.

स्कॅनरवर काय बघायचं

ईसीयूतले कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलमधलं ॲप पुरतं. कोडपैकी पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०१७२ म्हणजे घट्ट. पी०१०१ म्हणजे एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग पटत नाही. हा शेवटचा कोड आला की लोक सेन्सर बदलतात, पण सेन्सर खरं सांगत असतो आणि हवा पुढे निसटत असते, असंही होतं. कोड तक्रार कुठे आहे ते सांगतो, दोष कुठे आहे ते तुम्हाला शोधायचं असतं.

पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिम हा आकडा फार कामाचा आहे. मिश्रण बरोबर ठेवण्यासाठी ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, ते यात दिसतं. शून्याच्या आजूबाजूला पाचेक टक्के इकडेतिकडे असेल तर चिंता नको. तात्पुरता आणि दीर्घकालीन, हे दोन्ही ट्रिम मिळून अधिक १० च्या वर सतत राहत असतील तर शोधायला लागा. आधी आयडलिंगला आकडा लिहून घ्या, मग गाडी उभी ठेवूनच इंजिन २५०० फेऱ्यांवर धरा आणि पुन्हा लिहा. आयडलिंगला अधिक १५ आणि २५०० ला अधिक ३ असं दिसलं, तर तिसऱ्या टप्प्यात ओढीची गळती आहे असं समजा. आयडलिंगला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, म्हणून भोकातून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. फेऱ्या वाढल्या की तोच वाटा नगण्य होतो. याच्या उलट, फेऱ्या आणि भार वाढताना ट्रिमही वाढत गेला तर पेट्रोलचा पुरवठा किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर यांच्याकडे बघा.

पूर्ण ॲक्सिलरेटरवर मात्र ट्रिमवर भरवसा ठेवू नका. तिथे अनेक गाड्या मुद्दाम घट्ट मिश्रणावर चालतात. तेव्हा बघायचा तो 'अपेक्षित बूस्ट' आणि 'मिळालेला बूस्ट' यांच्यातला फरक. शेजारी बसणाऱ्याच्या हातात मोबाइल द्या, गाडी चालवताना स्वतः आकडे बघू नका.

नवखे इथे हमखास एका ठिकाणी चुकतात. मॅप सेन्सर एकूण दाब दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरलेला असतो. समुद्रसपाटीला इंजिन बंद आणि चावी चालू असताना तो साधारण १०० किलोपास्कल दाखवेल, उंचावर त्याहून कमी. पळताना २०० दिसले तर बूस्ट १०० किलोपास्कल आहे, म्हणजे १ बार. आणि इंजिन बंद असतानाच आकडा विचित्र असेल तर आधी त्या सेन्सरकडे बघायचं, होजकडे नंतर.

डोळे आणि बोटं

गाडी पूर्ण थंड झाल्यावर खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा. इंटरकूलर आणि त्याचे पाइप बहुतेक गाड्यांत पुढे खाली असतात आणि नेमके तेच वरून दिसत नाहीत. गाडी वर घ्यायची असेल तर स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

शोधायचा तो तेलाचा ओलसरपणा. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातली) तेलाची वाफ व्हेंटिलेशनच्या पाइपने टर्बोच्या तोंडाशी येते, त्यामुळे बूस्टच्या पाइपांत आतून तेलाचा पातळ थर असणं स्वाभाविक आहे. पण तो आत असायला हवा. जोडापाशी बाहेर तेल दिसलं, त्यावर धूळ बसून काळा चिकट पट्टा झालेला दिसला, तर हवा तिथूनच बाहेर येतेय. त्या जागेवर खडूने खूण करून ठेवा.

मग बोटांनी होजची खालची बाजू चाचपा. हे मनापासून सांगतोय, कारण वरून बघून समाधान मानणं किती महागात पडतं ते मी पाहिलंय. एक डिझेल गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा एअर फ्लो सेन्सर नवा होता, ईजीआर (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ झालेला होता आणि टर्बो बदलायचं चाललं होतं. इंटरकूलरचा खालचा होज वरून कोरा करकरीत दिसत होता. त्याच्या पोटाखाली, जिथे तो एका पत्र्याच्या कंसाला घासत होता तिथे, दोन बोटं लांबीची चीर होती. हाताला ती जेमतेम जाणवत होती, कारण रबराच्या कडा एकमेकींना चिकटून होत्या. आत अर्धा बार दाब दिल्यावर ती माशाच्या तोंडासारखी उघडली आणि समोर धरलेलं फडकं उडालं. दाब सोडला की पुन्हा मिटली. उभ्या गाडीत असा दोष कसा दिसणार? यासाठीच पुढची चाचणी.

दाबाची चाचणी: सामान

पंक्चर काढणारा ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे बघतो. इथे तेच करायचं आहे, फक्त इंजिन पाण्यात बुडवता येत नाही म्हणून साबणाचं पाणी इंजिनावर न्यायचं.

टर्बोच्या तोंडाला जाणाऱ्या होजमध्ये घट्ट बसेल असं एक झाकण लागतं, ज्याला टायरचा धातूचा, नटने आवळायचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तयार ॲल्युमिनियमचे संच मिळतात आणि वारंवार काम करणार असाल तर तेच घ्या. घरी करायचं असेल तर होजचा आतला व्यास पट्टीने मोजा, त्या मापाचं जाड पाइपचं झाकण घ्या, मधोमध भोक पाडून व्हॉल्व्ह रबरी वॉशरसकट आवळा. प्लॅस्टिकचं झाकण दाबलेल्या हवेसाठी बनवलेलं नसतं, म्हणून ते फक्त कमी दाबालाच वापरा आणि तडा दिसला की टाकून द्या.

याखेरीज दाब नियंत्रक आणि दाब दाखवणारं घड्याळ असलेला हवा भरायचा कॉम्प्रेसर, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, टॉर्च, एक छोटा आरसा आणि हातभर लांबीची रबरी नळी. नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडांवरून फिरवलं की फुसफुस नेमकी कुठून येते ते कळतं. टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा छोटा पंप बारीक गळतीला कधी पुरतो, पण इंजिनाच्या उघड्या व्हॉल्व्हमधूनच हवा जात असेल तर त्याला दाब चढवता येत नाही आणि आपल्याला उगाच मोठी गळती आहे असं वाटतं.

दाबाबद्दल नीट ऐका. कॉम्प्रेसरच्या टाकीत ८ बारच्या आसपास दाब असतो आणि तुमच्या गाडीचे पाइप एक-दीड बारसाठी बनवलेले असतात. नियंत्रक नसेल तर ही चाचणी करूच नका. ७५ मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर १ बार दाबाला सुमारे ४५ किलोचा धक्का बसतो. क्लॅम्प सैल राहिला तर ते झाकण गोळीसारखं सुटतं. चाचणी चालू असताना झाकणासमोर तोंड न्यायचं नाही, डोळ्यांवर चष्मा हवाच.

चाचणी: पायरीपायरीने

१. इंजिन थंड, चावी बाहेर, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. आत दाब दिल्यावर एखादा पिस्टन थोडा सरकू शकतो, म्हणून बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब ठेवा.

२. एअर फ्लो सेन्सरनंतरचा होज सोडवा आणि झाकण तिथे बसवा. सेन्सर नाजूक असतो आणि फिल्टरचा डबा दाबासाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे ते दोन्ही चाचणीच्या बाहेर राहिले पाहिजेत.

३. याच होजला येऊन मिळणाऱ्या बारीक नळ्या शोधा. एक क्रँककेस व्हेंटिलेशनची असते. ती तशीच ठेवली तर तुमची हवा थेट क्रँककेसमध्ये जाईल आणि ऑइल सीलवर दाब येईल. ती काढून होजचं तोंड बुचाने बंद करा. पेट्रोलच्या टाकीची वाफ ओढणारी पर्ज लाइनही असते. तीही सुटी करून तोंडं बंद करा, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर दाब जाणार नाही.

४. इंजिन ऑइलचं झाकण सैल करून ठेवा. पिस्टन रिंगांमधून थोडी हवा क्रँककेसमध्ये उतरतेच, तिला वाट असलेली बरी. मात्र तिथून भसाभसा हवा आली तर क्रँककेसमधून मॅनिफोल्डकडेच हवा जाऊ देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी झाल्याची शक्यता मोठी आहे.

५. नियंत्रक शून्यावर आणून नळी जोडा आणि ०.२ ते ०.३ बारपर्यंत हळूहळू वाढवा. इथेच थांबा आणि ऐका. मोठी गळती या दाबालाच बोलते.

६. काही ऐकू आलं नाही तर ०.७ बारपर्यंत जा. नवख्या माणसाने याच्या वर जाऊ नये, आणि ज्या गाडीचा मूळ बूस्टच याहून कमी आहे तिथे त्या आकड्याला थांबावं. टर्बोच्या तोंडाचा होज मुळात ओढीसाठी बनवलेला असतो, तो फुगताना दिसला की दाब लगेच कमी करा.

७. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा आणि प्रत्येक ठिकाणी काही क्षण थांबा. मोठ्या भोकाला बुडबुडे टिकतच नाहीत, पाणी नुसतं उडतं. मध्यम गळतीला मोठे फुगे येऊन फुटतात. बारीक गळती सगळ्यात फसवी. तिथे आधी काहीच दिसत नाही आणि मग मुंगीच्या वारुळासारखा पांढरा फेस हळूहळू वर येतो. इंटरकूलरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेवर असा फेस मी बघत बसलो होतो, अर्ध्या मिनिटानंतर तो तांदळाच्या दाण्याएवढा झाला. वायरचे प्लग आणि फ्यूजबॉक्स यांच्यावर पाणी जाऊ देऊ नका.

८. संपल्यावर व्हॉल्व्हमधून हवा सोडा, घड्याळ शून्यावर आल्याची खात्री करा आणि मगच क्लॅम्प सैल करा. आत दाब असताना क्लॅम्पला पेचकस लावायचा नाही.

ही यंत्रणा टायरसारखी घट्ट कधीच नसते. दाब हळूहळू उतरणार, ते गृहीत धरा. सायलेन्सरमधून हवा येत असेल तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे राहिलेत. दाब पूर्ण सोडा, क्रँकच्या नटला पान्हा लावून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच थोडं फिरवा, पान्हा काढून घ्या आणि चाचणी पुन्हा करा. थ्रॉटल बंद असला तरी त्याच्या फटीतून हवा मॅनिफोल्डमध्ये पोचते, फक्त जरा वेळ लागतो, म्हणून तिसरा टप्पा तपासायला घाई करू नका.

ही चाचणी जिथे फसते

बहुतेक पेट्रोल टर्बो गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीची हवा परत टर्बोच्या तोंडाकडे वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो. त्याचा पडदा फाटला तर बूस्टची हवा गोल फिरून परत तोंडाशी येते आणि गाडी ओढत नाही. आता विचार करा, आपण दाब टर्बोच्या तोंडाकडूनच दिलाय. म्हणजे या व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब. पडदा फाटलेला असला तरी ना आवाज येईल ना बुडबुडे. चाचणी पास, गाडी नापास. म्हणून त्याची परत जाणारी नळी वेगळी असेल तर ती सोडवा, होजकडचं तोंड बुचाने बंद करा, आणि दाब दिल्यावर व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडातून हवा येते का ते बघा. व्हॉल्व्ह टर्बोच्या अंगावरच बसवलेला असेल तर तो उघडून पडदा बोटांनी ताणून उजेडात धरा. अनेक ठिकाणी बूस्ट मिळत नसल्याचं कारण हा पडदाच असतो आणि तो बदलणं फार अवघड नाही.

दुसरी फसवणूक ओढीच्या गळतीची. तिसऱ्या टप्प्यातले काही दोष दाबाखाली मिटतात आणि ओढ लागली की उघडतात, उदाहरणार्थ आतून सोललेली व्हॅक्यूमची नळी. तिथे धुराचं यंत्र उपयोगी पडतं. ते खनिज तेल तापवून दाट पांढरा धूर अगदी कमी दाबाने आत सोडतं आणि धूर भोकातून बाहेर येताना दिसतो. पण हाच कमी दाब त्याची मर्यादाही आहे. वर सांगितलेली मिटलेली चीर धुराला उघडत नाही. टर्बो गाडीत 'धुराने तपासलं, गळती नाही' एवढ्यावर विश्वास ठेवून टर्बो बदलू नका.

चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर किंवा गॅस फवारून आयडलिंग बदलतं का ते बघायची पद्धत अजून सांगितली जाते. शेजारी तापलेला एक्झॉस्ट आणि टर्बो असताना पेटणारी वस्तू फवारणं मला मान्य नाही. त्याऐवजी साध्या पाण्याची बारीक फवारणी मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि नळ्यांच्या टोकांवर करा. मोठी ओढ असेल तर पाणी आत जाताना सुरसुर आवाज येतो आणि आयडलिंग क्षणभर बदलतं. तापलेल्या एक्झॉस्टवर आणि टर्बोवर मात्र पाणी नको.

गळती बहुतेक वेळा कुठे सापडते

हाताने दाबून बसवायचे, तारेच्या क्लिपचे जोड हे माझ्या यादीत सगळ्यात वर. त्यांच्या आत ओ-रिंग किंवा रबरी सील असतं. कोणी पाइप काढून परत बसवताना ते दुमडतं, किंवा क्लिप अर्धीच बसते. बाहेरून जोड पक्का दिसतो, पाइप धरून हलवला की तो खुळखुळतो. त्यानंतर होज आणि क्लॅम्प. मग इंटरकूलरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे दाबून जोडलेली असते ती कडा, आणि समोरून दगड लागलेली जाळी. प्लॅस्टिकचे बूस्ट पाइप वर्षानुवर्षं तापून थंड होत जोडाच्या रेषेवर तडकतात.

बारीकसारीक ठिकाणं: मॅप सेन्सरची ओ-रिंग, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, पेट्रोल इंजेक्टरची खालची सील, वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला जाणारी बारीक नळी, डिझेलमध्ये ईजीआरचे जोड. यांपैकी ॲक्च्युएटरची नळी तुटली तर परिणाम उलटाही होतो. ज्या गाड्यांत वेस्टगेट या दाबाने उघडतो तिथे नळी तुटली की तो उघडतच नाही आणि बूस्ट वाढतो. बूस्ट वाढल्याची तक्रार असेल तर ही नळी सर्वात आधी बघा.

दुरुस्ती करताना

फाटलेल्या होजला टेप गुंडाळून घरी पोचता येतं, त्यापुढे टेपवर अवलंबून राहू नका. नवा होज बसवण्याआधी दोन्ही बाजूंचं तेल क्लीनरने पूर्ण पुसून कोरडं करा. तेलकट पाइपावर होज बूस्टखाली सरकतो, मग कितीही आवळा. पाइपाच्या टोकाला एक उंचवटा असतो. क्लॅम्प त्या उंचवट्याच्या पलीकडे, आतल्या बाजूला बसला पाहिजे. उंचवट्यावरच आवळला तर तो निसटतो, आणि टोकाच्या फार जवळ आवळला तर नुसत्या रबरावर राहतो. साधा पट्टीचा क्लॅम्प प्रमाणाबाहेर आवळला तर पट्टी होजमध्ये रुतते आणि तिथूनच पुढची चीर सुरू होते. मूळ गाडीत स्प्रिंगचा क्लॅम्प असेल तर तोच परत वापरा, तापताना-थंड होताना तो ताण सारखा ठेवतो.

साधे सिलिकॉन होज दिसायला छान असतात, पण तेलाच्या वाफेने ते कालांतराने पाझरतात. आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेले घ्या. ओ-रिंगच्या जागी सीलंट भरू नका, त्याचे तुकडे सुटून आत जातात. आणि जुनी ओ-रिंग तुटलेली निघाली तर तिचा प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत पाइप जोडू नका.

पाइप उघडा असताना आत फडकं कोंबायची सवय असेल तर ती सोडा, किंवा फडक्याचं टोक हातभर बाहेर लोंबत ठेवा. कॉम्प्रेसरच्या तोंडासमोर विसरलेला कापडाचा बोळा किंवा एक छोटा नट पहिल्याच सेकंदाला पाती मोडतो. इंजिन सुरू करण्याआधी काढलेली बुचं मोजा, चाचणीचं झाकण हातात घेऊन बघा, पर्ज आणि व्हेंटिलेशनच्या नळ्या जागेवर आहेत का आणि ऑइलचं झाकण आवळलंय का ते तपासा.

मग स्कॅनरने कोड आणि शिकलेले ट्रिम पुसा. आयडलिंगला आणि २५०० फेऱ्यांवर आकडे परत लिहा, आधीच्या आकड्यांशेजारी. मोकळ्या रस्त्यावर शेजारी कोणीतरी बसवून अपेक्षित आणि मिळालेला बूस्ट पुन्हा बघा. दोन्ही आता जवळजवळ चालत असतील तर दोष सापडला. यंत्रणा दाब नीट धरते आणि तरी बूस्ट येत नाही, अशी वेळ आली तर शोध हवेच्या रस्त्याबाहेर न्या: वेस्टगेट पूर्ण बंद होतो का, बदलती पाती काजळीने अडकली आहेत का, टर्बोच्या आधी एक्झॉस्ट फुटलाय का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलचा काजळी फिल्टर तुंबलाय का. टर्बो उघडायचा तो या सगळ्यानंतर.

नवे होज पहिल्या काही वेळा तापून थंड झाल्यावर थोडे बसतात. दोन-तीन दिवस गाडी चालवून, पूर्ण थंड असताना, प्रत्येक क्लॅम्पला एकदा पेचकस लावून बघा आणि खडूची खूण केलेली जागा बोटाने पुसून बघा. बोट कोरडं निघालं पाहिजे.